कॅमेरा घ्यायचाय: ट्रेक, कथक आणि जमलंच तर पक्षी (बजेट ८० हजार)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मला कॅमेरा घ्यायचाय. नाशिकला असते, अधूनमधून ट्रेक होतात, हरिहर, अंजनेरी, साल्हेर वगैरे आपले नेहमीचेच. लेक कथक शिकते, तिचे कार्यक्रम असतात. आणि थंडीत नांदूर मध्यमेश्वरला गेलो की पक्ष्यांचे फोटो काढावेसे वाटतात. सध्या सगळं फोनवर चालतं, दिवसा झकास येतात, तक्रार नाही. पण कॅमेरा हवाय हे डोक्यात बसलंय ते बसलंय.

बजेट ८०, फार ताणलं तर ९०. दुकानात गेले तर त्या मुलाने एकामागून एक मॉडेलं समोर मांडली आणि प्रत्येकाला "मॅडम २४ मेगापिक्सेल आहे" एवढंच सांगितलं. भाचा म्हणतो फुलफ्रेमशिवाय (म्हणजे मोठ्या सेन्सरवाल्याशिवाय) घेऊच नको मावशी. ऑफिसमधले एक सर म्हणतात एवढ्या पैशात नवा फोनच घ्या. डीएसएलआर (आत आरसा असलेला) की मिररलेस (बिनआरशाचा), कॅनन निकॉन सोनी फुजी, एक लेन्स की दोन, डोकं फिरायची वेळ आलीये. व्हिडिओ जवळजवळ नाहीच, रील्स करत नाही. सांगा काहीतरी.

काळाचष्मा

वाचतोय. मलाही घ्यायचाय.

टेलीझूम

ताई डोळे झाकून निकॉन पी ९५० घ्या. २४ ते २००० एमएम (आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं), लेन्स बदलायची भानगड नाही, पक्षी म्हणाल तर पक्षी, किल्ला म्हणाल तर किल्ला, आणि चंद्रावरचे खड्डे मोजता येतात, माझ्याकडे आहे, बिल्डिंगमधली पोरं रात्री गच्चीवर चंद्र बघायला येतात. बजेटमधे बसतो. विषय संपला.

फोकसबाबा

विषय संपला म्हणे. अहो त्यांनी कथक लिहिलंय ते वाचलंत का?

पी ९५० काय किंवा त्याचा थोरला भाऊ पी १००० काय, यातला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, एक भागिले २.३ इंची, म्हणजे साधारण ६.२ गुणिले ४.६ मिलीमीटर. कॅननच्या साध्या एपीएससी (मधल्या आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याचा २२.३ गुणिले १४.९. क्षेत्रफळ काढा, बारापटीच्या आसपास फरक येतो. हल्लीच्या बऱ्याच चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर पी ९५० पेक्षा मोठा असतो, म्हणजे यांनी हॉलमध्ये तो कॅमेरा काढला तर फोनपेक्षा वाईट फोटो येतील. एवढी मोठी झूम त्या किमतीत मिळते ती सेन्सर एवढासा ठेवल्यामुळेच. उन्हात बसलेल्या खंड्याला तो कॅमेरा उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही.

भाच्याला सांगा फुलफ्रेम खांद्यावर घेऊन आधी साल्हेर चढून दाखव. सेकंडहॅंड निकॉन डी ७५० घेतला तर बॉडी ८४० ग्रॅम, त्यावर २४-१२० लेन्स घातली की आणखी ७१० ग्रॅम, झाला की दीड किलो. महाराष्ट्रातलं दोन नंबरचं शिखर आहे ते, १५६७ मीटर, वर पोचेपर्यंत कॅमेरा बॅगेतच राहतो आणि फोटो शेवटी फोनवरच निघतात. मी ट्रेकला जे ग्रुप बघतो त्यात हेच बघतो.

पण काही सुचवायच्या आधी एक गृहपाठ. फोनमध्ये गेल्या वर्षाचे फोटो उघडा आणि जे फसलेत, म्हणजे हललेत, धुरकट आलेत, जे काढले पण कुणाला पाठवले नाहीत, ते बाजूला काढा. फोटो उघडून वर सरकवला की खाली माहिती येते, शटर किती (सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं), आयएसओ किती (उजेडासाठी संवेदनशीलता किती वाढवली). ते बघून इथे लिहा. चांगले आलेले फोटो फोन काढतोच आहे, त्यासाठी ८० हजार कशाला घालवायचे.

सातपुडा_मैना

फोकसबाबांना अनुमोदन, पण जंगलात जाणाऱ्यांसाठी एक भर घालते. ताडोब्याला सफारीत मोबाईल आत नेऊ देत नाहीत, गेटवरच ठेवून घेतात. आमच्याकडे नागपूरचे लोक ऐनवेळी कुणाचा तरी कॅमेरा मागून नेतात न मग जिप्सीत बसल्यावर बटणं शोधत बसतात, तोवर वाघ रस्ता ओलांडून गेला बाप्पा. म्हणून "फोनच घ्या" हे सगळीकडे चालत नाही.

हडसनकाठी

न्यू जर्सीहून. कुणी येणार असेल तर इकडून मागवा ना, सेलमध्ये बरेच स्वस्त पडतात.

फोकसबाबा

हडसनकाठी, लेन्स मागवायची तर ठीक. बॉडीची वॉरंटी बहुतेक वेळा ज्या देशात घेतली तिथलीच असते, इथे सर्व्हिस सेंटरला नेलं की आधी भारतातलं बिल मागतात. शिवाय येणाऱ्या माणसाने कस्टम्सचा विचार करायचा. आणि पहिलाच कॅमेरा आहे, काही अडलं तर दुकानात जाऊन डोकं खाता आलं पाहिजे. फोर्टात किंवा पुण्यात बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणारे भेटतात त्यांचंही तेच, वॉरंटी कार्डावर शिक्का नाही तर तो माल परदेशातून आलेला समजायचा.

गोदाकाठ

गृहपाठ केला. खरं सांगू, मला वाटलं होतं पक्ष्यांचे फोटो सगळ्यात जास्त फसलेले निघतील. ते फसलेत, पण मुळात थोडेच आहेत. ट्रेकचे जवळजवळ सगळे चांगले आहेत, ढग फार आले की जरा मळकट वाटतात तेवढंच. फसलेला ढीग आहे तो सगळा घरातला आणि हॉलमधला. लेकीचे कार्यक्रम, दिवाळीत पणत्यांच्या उजेडातले, आईच्या पंचाहत्तरीचे संध्याकाळचे. हॉलमधले बघितले तर शटर १/२५, १/३०, एखादा १/५०, आयएसओ कुठे १६००, कुठे अडीच हजार. चेहरा बरा आहे पण हात म्हणजे नुसता पांढरा पट्टा. झूम करून काढलेत ते तर तैलचित्रासारखे आलेत.

फोकसबाबा

उत्तम. अर्धं काम झालं.

झूमवाले तैलचित्रासारखे येतात कारण उजेड कमी असला की बरेच फोन टेली लेन्स वापरतच नाहीत, मुख्य कॅमेऱ्याचाच मधला तुकडा कापून मोठा करून देतात, आणि दाणे पुसायच्या नादात चेहऱ्याची कातडी पण पुसून टाकतात.

आता गणित ऐका, एकदाच सांगतो. बऱ्याच मिररलेसबरोबर जी किट लेन्स येते ती झूम केल्यावर एफ ६.३ ला येऊन थांबते (एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त). ५० एमएम एफ १.८ ही छोटी प्राइम (झूम नसलेली लेन्स) घेतलीत तर ६.३ भागिले १.८, त्याचा वर्ग, म्हणजे जवळपास १२. बारापट उजेड. ज्या हॉलमध्ये किट लेन्सने १/२५ मिळतोय तिथे त्याच आयएसओला १/३०० मिळेल. हा फरक बॉडी बदलून मिळत नाही, ८० हजाराची घ्या नाहीतर दोन लाखाची. म्हणजे तुमच्या बजेटमध्ये आधी लेन्सचे पैसे बाजूला काढायचे आणि उरेल त्यात बॉडी. दुकानदार बरोबर उलटं करायला लावतो, बॉडीत सगळे घालवायला लावतो आणि मग वर बॅग आणि ट्रायपॉड फुकट.

उनाडपक्षी

मग स्टॅबिलायझेशन असलेला कॅमेरा का नको? फुजी एक्स एस २० मध्ये बॉडीतच आहे, नवशिक्याला हात हलतो ना.

मीनाक्षी_क

कारण स्टॅबिलायझेशन तुमचा हात थांबवतं, नाचणारीचा पाय थांबवत नाही :)

गोदाकाठ, मी कथकच शिकवते (आणि फोटोही काढते, विद्यार्थिनींच्या आया पाठवतात ते फोटो बघवत नाहीत म्हणून काढायला लागले), तर थोडं सविस्तर लिहिते. चक्करचे फोटो थांबवायचे असतील तर १/५०० तरी लागतो, आणि खरं सांगायचं तर चक्कर थांबवलेला फोटो बहुतेक वेळा पुतळ्यासारखा दिसतो, घेर फुललाय पण जीव नाही. चक्करला मी मुद्दाम १/६० च्या आसपास ठेवते, घेर फिरू देते, आणि चेहरा समोर येतो त्या क्षणाला दाबते, दहातला एखादा लागतो. लागतो तेव्हा मात्र सुंदर लागतो.

मुख्य फोटो समेचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचा. तिहाई (एकच बोल तीनदा येऊन समेवर संपतो ती) सुरू झाली की बोट शटरवर ठेवायचं, तुमची लेक शिकतेय म्हणजे तुमच्या कानाला तिहाई कळत असेलच, तिसऱ्या वेळचा धा आला की मुलगी पोझ धरून उभी राहते, निदान अर्धा क्षण. तिथे १/१२५ सुद्धा पुरतो. समेवर दाबलं तर उशीर होतो, समेच्या किंचित आधी दाबायला सुरुवात करायची आणि चार-पाच फोटो जाऊ द्यायचे. अभिनयाचा भाग असेल, ठुमरी वगैरे, तर आणखी सोपं, तिथे हालचाल सावकाश असते, डोळ्यावर फोकस ठेवला की झालं.

दुसरं म्हणजे स्टेजचे लाल-निळे एलईडी. कॅमेऱ्याला वाटतं मागे सगळा अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवतो आणि चेहरा पांढराफटक होतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-अंधारा करायची सोय) उणे १ पासून सुरू करा. लाल दिव्यात लाल कांजीवरम असेल तर साडीचा पोतच जातो, जरीकाठ सोडला तर बाकी सगळा लाल ठिपका, तो नंतर कॉम्प्युटरवर पण परत येत नाही, तेव्हा रॉ मध्ये (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ फाइल) काढा आणि तरीही थोडा अंधाराच काढा. एलईडीमुळे फोटोत आडवे पट्टे येतात कधीकधी, सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की जास्तच. मेनूत अँटी-फ्लिकर असतं ते चालू करायचं आणि सायलेंटचा मोह टाळायचा. तबल्याच्या आवाजात तुमची खटखट कुणाला ऐकू जात नाही. फ्लॅश मात्र कुठल्याही परिस्थितीत नको, नाचणाऱ्याचे डोळे दिपतात आणि ताल चुकतो.

टेलीझूम

मीनाक्षीताई मस्त माहिती. मी पी ९५० मागे घेतो (कॅमेरा नाही, सूचना).

रत्नदुर्ग

एवढ्या चर्चेत पाऊस कुणीच काढला नाही. कॅमेरा घेतल्यावर तो ठेवणार कुठे ते आधी ठरवा. आमच्या रत्नागिरीत जून ते सप्टेंबर कपाटात ठेवलेली कुठलीही लेन्स म्हणजे बुरशीला आवतण. नाशिक त्यामानाने कोरडं पण तुम्ही पावसाळ्यात ट्रेकला जाणार, ओली बॅग घेऊन घरी येणार, आणि ती बॅग तशीच कोपऱ्यात टाकणार. सगळे टाकतात. चामड्याची केस तर अजिबात नको, ती ओल धरून ठेवते.

घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि छोटा आर्द्रतामापक, ऑनलाइन मिळतो. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. फार कोरडंही नको. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून परत निळे होतात, पण त्या निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नका, जुनं भांडं वेगळं ठेवा नाहीतर नारिंगी रंगाचं मिळतं ते आणा. तांदळात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तांदळाची पूड लेन्समध्ये जाते वर.

आणि एसीतून बाहेर येताना, म्हणजे गाडीतून उतरून दमट हवेत आलात की काच धुकटते, त्यासाठी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करूनच बाहेर आणायचा आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं.

गोदाकाठ

बुरशीवरून आठवलं. माझ्या धाकट्या दिरांकडे जुना कॅननचा कॅमेरा होता, तो बंद पडला, पण त्याच्या लेन्सेस असतील कपाटात. त्या नवीन कॅमेऱ्याला लागतात का? का तो मेल्यावर त्याही मेल्या?

फोकसबाबा

हे आधी सांगायचं ना!!!

कुठल्या लेन्सेस? समोरच्या कडेवर गोल लिहिलेलं असतं, तसंच्या तसं इथे लिहा.

काळाचष्मा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गोदाकाठ

दीर म्हणाले घेऊन जा वहिनी, पडूनच आहेत. एकीवर ५० एमएम १:१.८ एसटीएम, दुसरीवर ५५-२५० एमएम १:४-५.६ आयएस एसटीएम.

फोकसबाबा

ताई, प्रश्न सुटला. कॅनन घ्या, बाकीचे ब्रँड विसरा.

कॅननच्या नव्या आर मालिकेला जुन्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्सेस (तुमच्या दिरांच्या त्याच) कॅननच्याच अडॅप्टरने चालतात, ईएफ-ईओएस आर नाव त्याचं, नुसती पोकळ नळी आहे ११० ग्रॅमची, आत काच नाही, म्हणून फोटोच्या दर्जात काही फरक पडत नाही, ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझेशन सगळं चालतं. हे निकॉनला एवढं सरळ नाही बरं का, निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर जुन्या एएफ-डी लेन्सेसचा ऑटोफोकस चालत नाही, काळाचष्मा तुमच्यासाठी सांगतोय, वडिलांची जुनी निकॉनची लेन्स आहे असं तुम्ही मागे कुठल्याशा धाग्यावर लिहिलं होतंत.

बॉडी आर ५०. बॅटरीसकट ३७५ ग्रॅम, १८-४५ किट लेन्स १३० ग्रॅम, म्हणजे दोन्ही मिळून अर्धा किलो. किटसकट तुमच्या बजेटमध्ये बसून अडॅप्टरला पैसे उरतात. माणसाचा डोळा, प्राणी, पक्षी ओळखून फोकस धरतो. उणिवा पण ऐका. पावसापासून संरक्षण नाही, बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, डायल एकच आहे आणि बॅटरी लहान, ट्रेकला दुसरी लागणारच. आर १० मध्ये दोन डायल आणि जास्त वेग मिळतो पण बजेट ताणलं जाईल. पक्षी हा मुख्य छंद असता तर मी आर १० म्हटलं असतं. तुमच्या ढिगाऱ्यात पक्षी नाहीत, हॉल आहे.

उनाडपक्षी

तरी मी म्हणेन निकॉन झेड ५० टू एकदा हातात धरून बघा. पकड चांगली आहे, पक्ष्यांसाठी वेगळा मोड आहे. आर ५० मोठ्या हाताला खेळणं वाटतो.

फोकसबाबा

धरून बघायला कुणाची ना नाही, कॅमेरा चांगलाच आहे. पण ५५० ग्रॅम बॉडीच, किट लेन्ससकट किंमत यांच्या बजेटच्या वर जाते, आणि दिरांच्या दोन लेन्सेस फुकट सोडून द्यायच्या. डीएसएलआरचा प्रश्न पहिल्या पोस्टमध्ये होता तो राहिलाच: कॅनन-निकॉन दोघांनीही २०२० नंतर नवीन डीएसएलआर आणलेला नाही. सेकंडहॅंडमध्ये त्यामुळे स्वस्त मिळतात, ३०-३५ हजारवाल्यांनी अजून जरूर घ्यावेत. पण ८० हजार नव्याने घालताना नको.

रत्नदुर्ग

आनंदात नाचायच्या आधी लेन्सेस तपासा हो. किती वर्षं कपाटात आहेत? दोन्ही टोपणं काढा, मागच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. धूळ दिसली तर दुर्लक्ष करा, धूळ असतेच. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. तशी असेल तर नव्या कॅमेऱ्याच्या डब्यात ती लेन्स अजिबात ठेवू नका.

गोदाकाठ

काल रात्री दिवे घालवून बघितल्या. ५० वाली स्वच्छ, दोनचार धुळीचे कण. ५५-२५० मध्ये कडेला, समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला, कापसाचे तंतू चिकटावेत तसं काहीतरी आहे, नखाएवढी जागा. मध्यभागी काही नाही. टाकून द्यायची का?

रत्नदुर्ग

बुरशीच. कडेला असेल तर उन्हातल्या फोटोत बहुतेक कळणार पण नाही, सूर्य समोर असताना जरा धुरकट येईल. साफ करून घ्यायला कारागीर असतात पण त्या लेन्सची सेकंडहॅंड किंमतच फार नाही, तेव्हा आधी साफसफाईचे किती घेणार ते विचारा. तोपर्यंत वेगळ्या पिशवीत. दिवसा उन्हात वापरत राहा, कपाटातल्या अंधारात ती जास्त वाढते.

मीनाक्षी_क

५० मिळाली तर तुमचं स्टेजचं काम झालं. आर ५० वर ती फुलफ्रेमच्या ८० सारखी दिसते. तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलात, म्हणजे नाचणारी ८ मीटरवर आहे असं धरा, तर आडव्या फ्रेममध्ये साधारण २.४ मीटर उंची मावते. घुंगरापासून वर केलेल्या हातापर्यंत मुलगी जेमतेम बसते. ग्रुप असेल तर मागे जा, एकटी असेल तर कॅमेरा उभा धरा. मागच्या रांगांतून काढलेला फोटो कापून मोठा करता येतो, २४ मेगापिक्सेलचा उपयोग झालाच तर इथे होतो.

मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची पकडा. आणि रंगीत तालमीला जायला गुरूंची परवानगी मिळाली तर सोन्याहून पिवळं, दिवे तेच असतात आणि प्रेक्षक नसतात, मी तर चांगले फोटो तालमीतच काढते आणि कार्यक्रमात शांतपणे कार्यक्रम बघते.

गोदाकाठ

हे तालमीचं डोक्यातच आलं नव्हतं. गुरूंना विचारते.

मग पक्ष्यांचं काय करू? सोडून देऊ?

सातपुडा_मैना

सोडायचं कशाला. आधी चांगली ८ बाय ४२ ची दुर्बीण घ्या. नांदूर मध्यमेश्वरला मी आलेली आहे, राज्यातली पहिली रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) ना ती, २०२० च्या जानेवारीत जाहीर झालेली. चापडगावच्या बाजूला मनोऱ्यावरून बघितलं तर पट्टकादंब आणि रोहित इतके लांब असतात की ६०० एमएमवाले पण हात चोळत बसतात, वर पाण्यावरून हवा थरथरते ती वेगळी. जांभळी पाणकोंबडी मात्र जवळ येते, कडेच्या गवतातच फिरते, तिला दिरांची ५५-२५० पुरेल, सकाळी सूर्य पाठीशी घेऊन बसा. आयएसओ वाढला तर घाबरू नका, हलका दाणा चालतो, हललेला पक्षी चालत नाही.

एकदोन हिवाळे गेले आणि तरीही पक्ष्यांचं वेड टिकलं, तर कॅननची आरएफ १००-४०० बघा. ६३५ ग्रॅम आहे फक्त, आर ५० वर १६०-६४० सारखी. एफ ८ ला जाते म्हणून लोक नाक मुरडतात, पहाटेच्या जंगलात ती कमी पडते हे खरंच आहे, पण पाणथळीवर उघड्या उन्हात काही अडत नाही. सिग्माची १५०-६०० जवळपास दोन किलोची आहे, ती घेतली की ट्रायपॉड आला, ट्रायपॉड आला की नवऱ्याने काय काय उचलायचं यावर वाद आला.

काळाचष्मा

शेवटचं वाक्य अनुभवाचे बोल वाटतंय.

सातपुडा_मैना

तुम्ही पॉपकॉर्न खा.

डोंगरवेडा

ट्रेकचं कुणी नीट लिहिलं नाही म्हणून मोबाईलवरून टंकतोय, अशुद्धलेखन माफ. हरिहरच्या पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे पाहिजेत, खोबणीत बोटं घालून चढायचं असतं तिथे गळ्यात लटकलेला कॅमेरा कातळावर आपटतो आणि वर खाली बघताना मधे येतो, त्यामुळे पायऱ्या सुरू व्हायच्या आधी कॅमेरा सॅकच्या आत, फोटो काढायचा तो खालून चढणाऱ्यांचा किंवा वर पोचल्यावर. सपाटीवर सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला लावायची क्लिप मिळते ती भारी, एका हाताने कॅमेरा निघतो. पावसात आर ५० सारखा कॅमेरा उघड्यावर नेऊच नका, पाऊस थांबला की दहा मिनिटं धुकं फाटतं तेव्हाच खरे फोटो असतात, तेवढ्यापुरता काढायचा. मायक्रोफायबरची फडकी दोन, एक कोरडं राहिलंच पाहिजे. यूएसबी-सी ने चार्ज होतो पण पॉवर बँक पीडी (पॉवर डिलिव्हरी) वाली हवी, साधी चालत नाही.

लेन्स ट्रेकला एकच, किटवाली. वर जाऊन लेन्स बदलत बसलात तर वाऱ्याने सेन्सरवर माती.

उनाडपक्षी

प्रवासाला पण एक सुचवतो, कॅनन आरएफ २८ एफ २.८, पॅनकेक म्हणजे चपटी आहे, १२० ग्रॅम. कॅमेरा पर्समध्ये मावतो. अजिंठ्याला फ्लॅशला बंदी आहे आणि ट्रायपॉड परवानगीशिवाय नेता येत नाही, पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभं राहिलं की किट लेन्सने आयएसओ आकाशाला भिडतो. ५० तिथे फार जवळचं होतं, २८ बरोब्बर. पण हे नंतर, सावकाश.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आर ५० किटसकट घेतला, अडॅप्टर मागवून घ्यावा लागला, तोही आला काल. दुकानातला मुलगा ट्रायपॉड, बॅग आणि यूव्ही फिल्टर असा कॉम्बो गळ्यात मारत होता, त्याऐवजी जास्तीची बॅटरी आणि कार्ड घेतलं. उरलेल्या पैशात दुर्बीण बसतेय. रत्नदुर्ग, डबा आणला, काटा ६२ दाखवतोय, सिलिका आणखी घालू?

गुरूंनी तालमीला बसायची परवानगी दिली, एकाच अटीवर, सगळ्याच मुलींचे काढायचे.

रत्नदुर्ग

एक रात्र जाऊ द्या, लगेच उतरत नाही. सकाळी ५० च्या वर असेल तर आणखी शंभर ग्रॅम घाला आणि झाकणाचं रबर बघा, स्वस्तातल्या डब्यांना तिथेच फट असते.

मीनाक्षी_क

अभिनंदन! सगळ्याच मुलींचे म्हणजे आता तुमची सुटका नाही. तालमीचे प्रचि (प्रकाशचित्रं) इथे टाका, मुलींचे चेहरे टाकायच्या आधी त्यांच्या आयांना मात्र विचारा.

काळाचष्मा

मी पण विचारूनच घेतो. बजेट ३० हजार, घरी बाळ येणार आहे, बाकी काही काढायचं नाही. फोकसबाबा, वडिलांची निकॉनची लेन्स ५० एमएम एफ १.८ डी आहे.

फोकसबाबा

ही एएफ-डी लेन्स, म्हणजे तिच्यात फोकसची मोटर नाही. डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत पण मोटर नाही, त्यावर ऑटोफोकस चालणार नाही, आणि दुकानदार हे सांगणार नाही. सेकंडहॅंड डी ७१०० किंवा डी ७२०० शोधा, त्यांच्या बॉडीत मोटर आहे. शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) बघून घ्या, लाखाच्या आत असला तर बरं, सगळी बटणं दाबून बघा, आणि पांढऱ्या भिंतीचा एफ १६ ला फोटो काढून सेन्सरवर डाग आहेत का ते बघा. रत्नदुर्गांचा टॉर्च वडिलांच्या लेन्सवर मारायला विसरू नका. बाकी वेगळा धागा काढा.